पळसदेशाचे ब्रीदवाक्य आणि आमच्या बाई

श्रीमती सुधाताई पिंपळापुरे यांना मी प्रथम पाहिले ते गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात. लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. छत्तीसगढ राज्य नुकतेच झाले होते, राजधानीही नवी होती, आणि शहरात जिकडेतिकडे जुन्या पाट्या उतरवून नव्या चढवण्याचे काम चालले होते. मला कुकरची शिट्टी घ्यायची होती. माझ्या पुढे फिक्या निळ्या सुती साडीतल्या एक बाई पितळेची परात घेऊन उभ्या होत्या. भांड्यांवर नावे कोरणाऱ्या माणसाला त्यांनी एक चिठ्ठी दिली. त्याने ती मोठ्याने वाचली, "पलसदेश. आपली भाषा, आपले घर." मग चष्म्यावरून पाहत म्हणाला, "दीदी, ये पलसदेश किधर पड़ता है?"

"चौबे कॉलोनी में," बाई म्हणाल्या.

"नया बना है?"

"हाँ, पिछले शनिवार को."

त्याने मान डोलावली. "आजकल सब नया ही बन रहा है," असे म्हणत त्याने कोरायला घेतले.

मला हसू आवरले नाही. बाईंनी वळून पाहिले. "तुम्ही मराठी हाय का?"

"हो."

"मग हसून काहून राहिल्या? नव्या देशाले ब्रीदवाक्य नको का?"

परात कोरून होईपर्यंत त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली. यजमान भनपुरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात, घर चौबे कॉलोनीतच, शिक्षण बी.ए. "आणि दिवसभर काय करता?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "काही नाही. डायरी लिहिते." बाई म्हणाल्या, "डायरी लिहिते म्हणजे काही नाही कसं? आमच्या देशाले सचिव पाहिजे. शनिवारी चार वाजता या."

मी गेले. त्यानंतर आजतागायत जात आहे. बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की पळसदेशाच्या तेव्हापासूनच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त माझ्या हातचे आहे. हा अधिकार आहे की अडचण, याबद्दल मला स्वतःलाच शंका आहे. ती का, ते पुढे येईलच.

ज्या वाचकांना पळसदेश ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाईंचे घराणे भोसल्यांच्या काळापासून रायपूरचे. त्या मुलींच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. राज्य झाले तेव्हा वर्गातल्या आणि गल्लीतल्या पोरांनी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. राज्य बनते कसे? कोण ठरवते? विधानसभेत भांडतात म्हणजे नक्की काय करतात? बाई म्हणाल्या, "राज्य तर झालं. आपण देशच करू." एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मुलांनी नकाशा काढला. त्यात एक नदी होती, दोन रेल्वे स्टेशने होती आणि शाळा मात्र डोंगरापलीकडे होती, कारण नकाशा मुलांनी काढला होता. भनपुरीच्या पलीकडे तेव्हा पळसाची झाडे फार होती, म्हणून देशाचे नाव पळसदेश. बाईंच्या घराचा व्हरांडा म्हणजे त्याचे संसद भवन. बारा वर्षांवरील कोणीही सदस्य होऊ शकतो. मुले असतात, त्यांचे पालक असतात, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे देशकर काका पहिल्यापासून विरोधी पक्षात असतात, सरकार कोणाचेही असो.

वरवर पाहता हा मुलांचा खेळ. बाईंचा त्यातला हेतू वेगळा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. आपल्या घरांतली मुले मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. त्यांना आठवड्यातून दोन तास तरी मराठीत भांडायला मिळावे, हा तो हेतू. म्हणून ब्रीदवाक्य "आपली भाषा, आपले घर". ते बाईंनी स्वतः लिहिले होते.

पळसदेशाच्या घटनेतले एक कलम इथे सांगितलेच पाहिजे, कारण माझ्या मते बाईंचे सगळे मोठेपण त्या कलमात आहे. ज्याचे म्हणणे खोडून काढायचे, त्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने मांडायचे. ते ऐकून समोरचा "हव", म्हणजे हो, म्हणाला, तरच स्वतःचा मुद्दा मांडायला मिळतो. तीन प्रयत्नांत "हव" मिळाले नाही, तर खाली बसायचे. हा शब्द आला शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, ललिता नावाच्या मुलीकडून. ती छत्तीसगढी बोलणारी, पहिल्या बैठकीपासूनची सदस्य. कोणी तिचे म्हणणे बरोबर सांगितले की ती जोरात म्हणे, "हव!" बाईंना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तो घटनेतच घातला. ललिता आता एका शाळेत मुख्याध्यापिका आहेत.

हे कलम सोपे वाटते. वाचकांनी घरी जेवताना एकदा करून पाहावे. मी करून पाहिले आहे. यजमान "हव" म्हणाले नाहीत.

बाईंच्या निःस्पृहतेच्या पुष्कळ गोष्टी सांगता येतील. एकदा एका बड्या अधिकाऱ्यांचा फोन आला. नवी राजधानी, नवे बंगले, नवे साहेब असे ते दिवस होते. आमच्या मुलाला तुमच्या त्या संसदेत पंतप्रधान करा, असे ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "जरूर भेजिए. पहले एक साल विपक्ष में बैठेगा." साहेबांचा मुलगा आला नाही. साहेबांची पत्नी मात्र आल्या, वर्षभर विरोधी बाकावर बसल्या आणि देशकर काकांनासुद्धा भारी पडल्या.

माझ्यावरच्या बाईंच्या मायेची एकच गोष्ट सांगते. केतकीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या जन्मानंतर तीन महिने मला घराबाहेर पडता येईना. सचिवपद दुसऱ्या कोणाला द्यावे असा निरोप मी पाठवला. त्याच शनिवारी चार वाजता दारात पंधरा माणसे, सतरंजी आणि ती परात. घंटा म्हणून परातच वाजवत असत. बाई म्हणाल्या, "घटनेत लिहिलं हाय, सचिवाशिवाय सभा भरत नाही. म्हणून सभा सचिवाकडं आली." त्या दिवशी पळसदेशात तिसरे रेल्वे स्टेशन असावे की नसावे यावर चर्चा झाली. केतकी पाळण्यात झोपली होती. परात वाजली तेव्हा ती दचकून रडली, आणि बाईंनी इतिवृत्तात नोंद घ्यायला लावली, की एका सदस्याने घंटेस आक्षेप घेतला. नंतर मी घटना चाळून पाहिली. सचिवाबद्दल तसे काही कलम तिच्यात नव्हते.

केतकी अशी सभेतच वाढली. बारा पूर्ण होताच रीतसर सदस्य झाली. आणि तेराव्या वर्षी तिने प्रस्ताव दिला, की पळसदेशाचे ब्रीदवाक्य बदलावे.

या प्रसंगाबद्दल इथल्या मराठी मंडळात बरेच बोलले गेले आहे, आणि काही वेळा चुकीचे. मी त्यात तीन नात्यांनी अडकले होते. म्हणून जे घडले ते शक्य तितके जसेच्या तसे लिहिते.

ब्रीदवाक्य बदलण्याचा प्रस्ताव वर्षातून एकदाच आणता येतो. तो दोन लागोपाठच्या शनिवारी मांडावा लागतो आणि दोन तृतीयांश मते लागतात. पहिल्या शनिवारी केतकी उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "अध्यक्ष महोदय, यह वाला मोटो मेरा नहीं है. मैं चाहती हूँ कि हमारे देश का मोटो हो, 'सबकी बात, सबका घर.' बस." आणि खाली बसली.

सचिवाची मुलगी, बाईंच्या मांडीवर वाढलेली, आणि बाईंच्याच ओळीवर उठली, तीही हिंदीत!

बाई खुर्चीवरून उठल्या. सभापतीला वादात भाग घेता येत नाही, म्हणून त्यांनी मला खुर्चीवर बसवले आणि स्वतः सदस्यांत जाऊन उभ्या राहिल्या. "मी या प्रस्तावाले विरोध करते," त्या म्हणाल्या. "पण आधी केतकीचं म्हणणं सांगते. केतकीचं म्हणणं असं हाय, की मराठी बोलणं कठीण जाते, म्हणून मराठीची सक्ती नको."

केतकीने मान हलवली. नाही.

"बरं. केतकीचं म्हणणं असं, की या राज्याचा कारभार हिंदीत चालते, आपण हिंदीतच शिकतो, म्हणून ब्रीदवाक्यही सगळ्यांले समजणारं पाहिजे."

"नहीं."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "केतकीले वाटते, ती हिंदीत बोलली की इथं लोक तिले कमी समजतात."

केतकीने खाली पाहिले. मला वाटले, आता "हव" म्हणेल. पण ती म्हणाली, "थोड़ा-थोड़ा. पर यह बात नहीं है."

देशकर काका उठलेच. "अहो, पुरे झालं! पोट्टी अडून बसली म्हणून काय बाईंनी बोलू नये? बाईंचाच देश आहे. नियम सोडा आजच्या दिवस!"

"देश माझा नाही. बसा, देशकर," बाई म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "अध्यक्ष महोदय, आपला निर्णय सांगा."

मी निर्णय दिला. "तीन प्रयत्न झाले. माननीय सदस्यांनी खाली बसावे."

बाईंनी खुर्चीला नमस्कार केला आणि बसल्या. स्वतः लिहिलेल्या ओळीच्या बाजूने एक शब्दही न बोलता.

माझा आवाज त्या वेळी खणखणीत निघाला होता. तो नियमासाठी होता, की माझ्या मुलीने बाईंना अडवले याचा मला आतून कुठेतरी आनंद झाला होता, हे मी त्या दिवशीच्या डायरीत विचारले आहे.

घरी आल्यावर मी केतकीला रागावले. तिसऱ्या वेळी बाईंनी बरोबरच सांगितले होते, नुसते "हव" म्हणायला काय झाले होते? ती म्हणाली, "मम्मी, बरोबर नहीं था तो कैसे बोलूँ? रूल तो बाई ने ही सिखाया है." आणि वर म्हणाली, की पुढच्या शनिवारनंतर ती सभेत येणार नाही. "जहाँ मैं हूँ ही नहीं, वहाँ जाके क्या करूँ?" मला त्याचा अर्थ कळला नाही. मुलगी दुरावते आहे एवढे मात्र कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दाराची कडी वाजली. बाई होत्या. त्यांना गुडघ्याचा त्रास तेव्हाच सुरू झाला होता आणि आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. पाणी पिण्याच्या आधी त्यांनी विचारले, "केतकी कुठं हाय?"

केतकी आली. बाई तिच्यासमोर पलंगावर बसल्या. "तिसऱ्या वेळी मी जवळ आले होते का?"

"थोड़ा."

"मग आता तू सांग. मी मधात बोलणार नाही."

केतकीने माझ्याकडे पाहिले. मग कपाटातून सभेच्या इतिवृत्ताचे रजिस्टर काढले, पाने उलटली आणि वाचू लागली. पळसदेशातल्या नळांवर झालेल्या चर्चेचे ते पान. "'कु. केतकी यांनी मागास वस्तीत नळजोडणीस प्राधान्य देण्याची सूचना केली.'" तिने वर पाहिले. "बाई, मैंने यह नहीं बोला था. मैंने बोला था, पहला नल उस पारे में लगाओ जहाँ के लोग माँगने नहीं आते."

तिने आणखी काही पाने उलटली.

"पूरा रजिस्टर ऐसा ही है," ती म्हणाली. "मैं हर मीटिंग में बोली हूँ. एक में भी नहीं हूँ. मम्मी सबको अच्छी मराठी में लिख देती है. फिर मोटो बोलता है, आपली भाषा, आपले घर. तो मेरी बात किसके घर गई?"

मी काय केले होते ते मला त्या क्षणी दिसले. मला कोणी तसे सांगितले नव्हते. मराठी सभेचे इतिवृत्त मराठीत असावे, आणि चांगल्या मराठीत असावे, हे मी गृहीतच धरले होते. मुलांची वाक्ये मी प्रेमाने स्वच्छ करत होते. रोजच्या डायरीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला चैन पडत नाही, आणि सभेच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षे मी प्रत्येकाच्या तोंडी माझी वाक्ये घालत होते. मी बाईंना म्हणाले, "चूक माझी आहे. अक्षर माझे आहे."

बाई पानाच्या खाली बोट ठेवून बसल्या होत्या. "अक्षर तुमचं, सही माझी," त्या म्हणाल्या. "वाटून घेऊ."

जाताना त्यांनी सगळी रजिस्टरे मागितली. मी पिशव्या भरून रिक्षात ठेवून दिल्या. आठवडाभर त्या ती वाचत होत्या. बुधवारी त्यांचा फोन आला. "अहो, तुम्ही मलेही सोडलं नाही! मी म्हटलं होतं, 'पोट्टेहो, भांडा न, पण ऐकून भांडा!' आणि इथं काय लिहिलं? 'सभापतींनी शांततेचे आवाहन केले.' मी कधी शांततेचं आवाहन केलं ओ?" आणि त्या इतक्या हसल्या की फोन देशकर काकांना द्यावा लागला. काका त्यांच्याकडे रजिस्टर वाचायलाच जाऊन बसले होते. स्वतःची सगळी भाषणे तपासून त्यांनी मला तक्रारींची यादी दिली ती वेगळी.

दुसरा शनिवार आला. व्हरांडा भरला होता. खुर्चीवर मी. बाई उभ्या राहिल्या.

"केतकीचं म्हणणं मी सांगते. ती म्हणते, मी दर सभेत बोलले. माझं बोलणं तुम्ही तुमच्या भाषेत लिहून घेतलं, आणि माझं म्हणून सांगितलं. मग हे घर माझं कसं? ज्या घरात माझा आवाज दाराबाहेर काढून ठेवावा लागते, त्या घराचं नाव बदला. हे तुझं म्हणणं हाय का?"

केतकीचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "हव."

अनेकांना वाटले, आता बाई विरोध मागे घेतील. मलाही तसेच वाटले होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तशी इच्छाही होती. पण बाई म्हणाल्या, "आता मी विरोध करते."

त्यांचे भाषण मी त्या दिवशी पहिल्यांदाच जसेच्या तसे उतरवून घेतले. त्यातला एक भाग देते.

"मी या गावात जन्मले. माझ्या आजीची आजी इथं जन्मली. शाळेत जन्मभर हिंदीत शिकवलं, अजूनही भाजी हिंदीत घेते, डॉक्टरले दुखणं हिंदीत सांगते. हिंदी मले परकी नाही, काही दिवस तर सपनंही हिंदीत पडतात. पण हिंदीले सगळं शहर हाय. मराठीले हा व्हरांडा हाय, शनिवारचे दोन तास. तेही सगळ्यांचं करून टाकलं, तर ती जाईल कुठं? रजिस्टरमधी खोटं लिहिलं, ते आजपासून बंद. ज्यानं जे म्हटलं ते तसंच लिहिलं जाईल, हिंदी असो, छत्तीसगढी असो, की माझी वऱ्हाडी असो. पण ब्रीदवाक्य मी सोडत नाही. मी विरोध करते."

आता उत्तर द्यायचे तर केतकीला आधी बाईंचे म्हणणे मांडणे भाग होते. ती उठली. "बाई का कहना है कि..." ती थांबली. मग बाईंकडे पाहून हळूहळू बोलू लागली. "बाई म्हणून राहिल्या, की पूर्ण शहर हिंदीचं आहे. मराठीची जागा एवढीच आहे. ती पण दिली, तर जे लोक हिच्यात बोलायचे, आजी, आजीची आजी, त्यांना... त्यांना बसायला पण जागा नाही राहणार."

देशकर काकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखे केले. मग बाई म्हणाल्या, "हव."

मतदान झाले. पंधरा मते. बदलाच्या बाजूने नऊ, विरोधात सहा. दोन तृतीयांशाला एक मत कमी पडले. मी जाहीर केले, की प्रस्ताव नामंजूर झाला आहे.

केतकी उभी राहिली. सभा सोडणार असे तिने आठवडाभर सांगितले होते.

"अगले साल फिर लाऊँगी," ती म्हणाली.

"आण न!" बाई म्हणाल्या. "काहून नाही? मी पण तयारी करून येते."

तो प्रस्ताव तेव्हापासून दर वर्षी येतो. केतकी कायदा शिकली, आता दुसऱ्या शहरात वकिली करते. तरी दिवाळीला घरी येते तेव्हा लागोपाठ दोन शनिवार धरून येते. दर वर्षी तिचा नवा मुद्दा असतो आणि बाईंचे नवे उत्तर. एका वर्षी केतकीने अख्खे भाषण मराठीत केले आणि ब्रीदवाक्य हिंदीत हवे असे सांगितले. त्याच वर्षी बाईंनी मराठीच्या बाजूचे सगळे भाषण हिंदीत केले. तेव्हा काय चालले आहे हेच नव्या सदस्यांना कळेना. प्रस्ताव अजून मंजूर झालेला नाही. दर वर्षी थोडक्यात हुकतो.

रजिस्टर मात्र बदलले. आता त्यात हिंदी आहे, छत्तीसगढी आहे, "मले", "तुले" आहे, अर्धवट वाक्ये आहेत, हशा आहे. वाचायला ते पूर्वीइतके नेटके नाही. पण परवा एक जुना सदस्य ते चाळता चाळता म्हणाला, "अरे, इसमें तो सबकी आवाज़ सुनाई देती है." सचिवाला यापेक्षा मोठी पावती मिळाल्याचे मला आठवत नाही. ती पावती माझी नाही, बाईंची आहे. आणि थोडी माझ्या मुलीची. या ग्रंथाच्या संपादक मंडळाने लेखांत प्रमाण मराठी असावी असे सुचवले होते. मी त्यांची क्षमा मागते. बाईंबद्दलच्या लेखात बाईंचे बोलणे पुन्हा स्वच्छ करायला माझा हात धजला नाही.

बाईंनी मला काय दिले, याचा मी कधी कधी विचार करते. नव्या शहरात एकट्या पडलेल्या मुलीला त्यांनी काम दिले, मैत्रिणी दिल्या, शनिवार दिला. पण सगळ्यांत मोठे देणे हे, की मी केलेली चूक त्यांनी स्वतःच्या सहीखाली घेतली, आणि त्यानंतर एकदाही तिचा उल्लेख केला नाही. स्वतःच्या नियमात त्या स्वतः अडकल्या तेव्हा त्यांनी नियम वाकवला नाही, समजून घ्यायला दोन मजले चढून आल्या. आणि समजून घेतल्यावरही स्वतःचे मत सोडले नाही. समजून घेणे म्हणजे सोडून देणे, असे मी त्याआधी समजत होते. माझ्या मुलीला सभेत राहण्यासाठी जिंकण्याची गरज नव्हती, हे बाईंना माझ्याआधी कळले होते. मी आई असून मला ते मतमोजणीनंतर कळले.

गेल्या वर्षी बाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. आता त्या भिंग घेऊन टिपणे वाचतात. गुडघ्यामुळे चालणे कमी झाले आहे. आवाज मात्र तसाच आहे. देशकर काका ऐकू कमी येते म्हणून पहिल्या खुर्चीवर बसतात आणि तरीही न ऐकलेल्या मुद्द्यांना विरोध करतात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी केतकीला फोन केला. बाईंना तुझ्याकडून काय शुभेच्छा लिहू, असे विचारले. ती म्हणाली, "लिख दो, अपनी तबीयत सँभालें. इस बार मेरे पास दस वोट पक्के हैं. और बाई के बिना जीत गई, तो वो जीत किस काम की?" मी हे बाईंना जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "दहा म्हणते का? नऊच हायत. एक जण माझ्याकडं येऊन गेला."

ब्रीदवाक्याच्या प्रस्तावाच्या दिवशी खुर्चीवर आजही मीच बसते. अध्यक्षाला मत नसते, म्हणून मी मुलीच्या बाजूची की बाईंच्या, हे मला कोणाला सांगावे लागलेले नाही. पंच्याहत्तरीच्या या प्रसंगी मात्र सर्वांच्या साक्षीने एवढे मागते. बाईंना धडधाकट गुडघे, स्वच्छ नजर आणि हाच चढा आवाज पुष्कळ वर्षे लाभो. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी त्यांनी दर वर्षी उभे राहावे, केतकीचे म्हणणे तिच्यापेक्षा चांगले मांडावे, आणि मग तिला विरोध करावा. प्रस्ताव मंजूर होवो की न होवो, तो मांडताना केतकीच्या समोर बाई असोत.